किनारा दिसेनासा झाल्यावर: छोट्या शिडाच्या बोटीने मुंबई ते गोवा

मुंबईहून शिडाच्या बोटीने गोव्याला जाऊ पाहणारे बहुतेक नवशिके किनारा डोळ्यांआड होणार नाही याची काळजी घेतात. त्यामागची भावना समजण्यासारखी असली, तरी माझ्या मते तो निर्णय चुकीचा असतो. कोकणात छोट्या बोटीला खरोखर धोका देणाऱ्या गोष्टी किनाऱ्यालगतच्या पहिल्या काही मैलांतच एकवटलेल्या असतात: उथळ पाणी, खडक, खाड्यांच्या मुखाशी साचलेली वाळू, डोल जाळ्यांसाठी समुद्रतळात ठोकलेले खुंट आणि रात्री मंद दिव्यावर मासेमारी करणाऱ्या होड्या. वीस मैल बाहेर गेल्यावर यांपैकी बरेचसे मागे पडते आणि हातून चूक झालीच, तर ती सुधारायला वेळ व जागा मिळते. मात्र तिथे आपले स्थान नजरेने कळत नाही. ते हिशेबाने काढावे लागते आणि दर तासाला कागदावर लिहावे लागते. हा लेख मुख्यतः त्या हिशेबाविषयी आणि तो नीट चालावा म्हणून करायच्या तयारीविषयी आहे. बंदरात आणि बंदराबाहेर एकदोन हंगाम शीड हाताळलेल्या, तसेच वर बंद डेक आणि खाली वजनदार कील (बोटीला उलटू न देणारा तळाचा कणा) असलेली आठ-दहा मीटर लांबीची बोट हाताशी असलेल्या वाचकासाठी तो लिहिला आहे. उघड्या डिंगीने, म्हणजे डेक नसलेल्या छोट्या होडीने, हा प्रवास करू नये.

बोट लहान आहे एवढ्यावरून ती अपुरी ठरत नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ज्या बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, ती ‘सुहैली’ ३२ फुटांची होती आणि मुंबईतच सागवानी लाकडात बांधलेली होती. त्या काळी उपग्रहावरून स्थान सांगणारे यंत्र कोणत्याच नौकानयनपटूकडे नव्हते. सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजणारे यंत्र), घड्याळ आणि नोंदवही यांच्या आधारे ती प्रदक्षिणा झाली.

किनारा केव्हा दिसेनासा होतो

समुद्रावर अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, आणि तो अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा असतो. त्यामुळे नकाशावरचे अंतर नेहमी कडेच्या अक्षांशांच्या पट्टीवर मोजावे, रेखांशांच्या पट्टीवर मोजू नये. तासाला एक सागरी मैल या वेगाला एक नॉट म्हणतात.

क्षितिज किती दूर आहे हे काढण्यासाठी डोळ्यांची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला २.०८ ने गुणावे. बोटीत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची साधारण दोन मीटर धरली, तर क्षितिज तीन मैलांवर येते. समोरची वस्तू उंच असेल तर तिच्या उंचीचे गणितही तसेच करून त्यात मिळवावे. पाण्यापासून ५० मीटर उंचीवर असलेला दीपगृहाचा दिवा स्वच्छ हवेत साधारण साडेसतरा मैलांवरून क्षितिजावर उगवताना दिसू शकतो. या गणिताने सह्याद्रीच्या रांगा फार दुरून दिसायला हव्यात; परंतु हिवाळ्यात कोकणावर धुरकट हवेचा जाड थर असतो आणि कित्येकदा दहा-बारा मैलांवरच डोंगर पुसले जातात. म्हणून जमीन दिसत नाही म्हणजे ती दूर आहे, असा निष्कर्ष कधीही काढू नये.

हंगाम आणि तिथी

नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून कोळी बांधव होड्या समुद्रात लोटतात, पण छोट्या शिडाच्या बोटीने तेव्हा बाहेर पडण्याची घाई करू नये. मोसमी वाऱ्यांचा जोर सप्टेंबर अखेरपर्यंत कमीअधिक टिकतो आणि त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे महिने येतात. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ वादळाने कोकणच्या मच्छीमारांची जी हानी केली, ती आजही किनाऱ्यावर आठवली जाते. वादळांचा दुसरा काळ मे-जूनचा. जून २०२० मधील ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ त्याच काळातली. पहिल्या प्रवासासाठी डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ मी सर्वांत योग्य मानतो.

या महिन्यांत वाऱ्याचा दिनक्रम बराचसा ठरलेला असतो. दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे वाहू लागतात व संध्याकाळपर्यंत जोर धरतात, रात्री ते मंदावतात, आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे येतात. जसजसे बाहेर जावे तसतसा मतलई वाऱ्यांचा परिणाम कमी होतो. दक्षिणेला जाताना वायव्य वारा पाठीमागून किंवा मागच्या बाजूने मिळतो, म्हणून मुंबईहून गोवा सोपे असते. परत येताना तोच वारा तोंडावर घ्यावा लागतो. त्यासाठी निदान दुप्पट वेळ हाताशी ठेवावा, किंवा बोट काही काळ गोव्यातच ठेवावी.

तिथी पाहण्याची कोळ्यांची रीत इथे फार उपयोगी आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मुंबई बंदरात भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरच्या आसपास जातो आणि प्रवाहाला जोर असतो. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी फरकाची भरती-ओहोटी, असते आणि पाणी सौम्य वाहते. शुक्ल नवमी किंवा दशमीला निघाल्यास प्रवाह आवाक्यात राहतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चांदणेही मिळते.

निघण्याआधी तीन-चार दिवस भारतीय हवामान विभागाचे सागरी वार्तापत्र आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा लाटांचा व प्रवाहांचा अंदाज रोज पाहावा. एका दिवसाचा अंदाज पाहून निर्णय घेण्यापेक्षा तो रोज कसा बदलतो आहे हे पाहणे अधिक मोलाचे असते. वारा २० नॉटच्या वर किंवा लाटा दोन मीटरच्या वर जाण्याचा अंदाज असेल, अथवा अरबी समुद्रात कुठेही कमी दाबाचे क्षेत्र तयार होत असेल, तर पहिल्या खेपेला निघूच नये.

मार्ग आखणे

देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेख कार्यालयाचे कागदी नकाशे घ्यावेत. फोनमध्ये नकाशे असले तरी हे टाळू नये, कारण पेन्सिलीने काढलेली रेषा बॅटरी संपल्यावरही राहते. मुंबई आणि गोव्यातील मांडवी नदीच्या मुखाजवळचे आग्वाद यांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर काढल्यास ती रत्नागिरीच्या आसपास जमिनीवरून जाते. म्हणून मार्ग बाहेरून वळवावा लागतो. उदाहरणादाखल एक आखणी देतो. ती आपल्या नकाशावर स्वतः तपासून, ताज्या सूचनांनुसार दुरुस्त केल्याशिवाय वापरू नये.

पहिला टप्पा मुंबई बंदराच्या मुखाजवळच्या प्राँग्ज दीपगृहाला वळसा घालून १८°४०′ उत्तर, ७२°३५′ पूर्व या बिंदूपर्यंत: साधारण १८ मैल, दिशा २२३ अंश (खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेले). दुसरा टप्पा तिथून १७°००′ उत्तर, ७२°५०′ पूर्व या बिंदूपर्यंत: साधारण १०१ मैल, दिशा १७२ अंश. या टप्प्याच्या अखेरीस रत्नागिरी पंचवीस मैलांवर पूर्वेला राहते. तिसरा टप्पा १५°४५′ उत्तर, ७३°१५′ पूर्व या बिंदूपर्यंत: ७९ मैल, दिशा १६२ अंश. तो इतका बाहेरून नेण्याचे कारण वेंगुर्ल्यासमोरचे खडक हे आहे. त्यांवर दीपगृह असले तरी रात्री त्यांच्या जवळपासही जाऊ नये. चौथा टप्पा आग्वादच्या दिशेने, ३४ मैल, ११८ अंश. एकूण अंतर सुमारे २३२ मैल भरते. सरासरी साडेचार नॉट धरल्यास बावन्न तास लागतात, म्हणजे दोन पूर्ण रात्री समुद्रावर काढाव्या लागतात. प्रत्येक टप्प्याशेजारी वाटेत कुठे आत शिरता येईल हेही लिहून ठेवावे: जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग. संकटाच्या वेळी नकाशा उघडून बंदर शोधत बसण्याएवढे डोके शांत राहत नाही.

बोट, माणसे आणि कागदपत्रे

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या प्रत्येक तारेचे टोक, पिन आणि जोड हात लावून तपासावे. सुकाणू तुटल्यास लावायची पर्यायी दांडी एकदा खरोखर बसवून पाहावी. बोटीच्या तळातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नळाशेजारी त्याच मापाची लाकडी बुचे बांधून ठेवावीत, आणि पाणी उपसण्याचा एक पंप हाताने चालणारा असावा. डिझेलची टाकी तळाशी साचलेल्या गाळासकट हलते तेव्हा फिल्टर तुंबतो, आणि हे नेमके लाटांत घडते. म्हणून जास्तीचे फिल्टर सोबत असावेत आणि ते बदलण्याची सवय बंदरातच करून घ्यावी.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरावे, निम्मे आणखी राखीव घ्यावे आणि ते एकाच टाकीत न ठेवता वेगवेगळ्या डब्यांत भरावे. पहिल्या दिवशी कुणालाही स्वयंपाक करवत नाही. दशम्या, कोरडी चटणी, लाडू, केळी असे हातात धरून खाता येणारे घ्यावे. बोट लागण्याची ज्यांना शंका आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी निघण्याआधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. बोट लागलेल्या माणसाला खाली झोपायला पाठवावे किंवा क्षितिजाकडे पाहत सुकाणू धरायला द्यावे. नकाशाच्या टेबलावर त्याला बसवू नये.

प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट, कमरेचा-खांद्यांचा पट्टा आणि तो अडकवण्यासाठी नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत ताणलेली दोरी हवी. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत, आणि एकटा माणूस वर असताना दिवसासुद्धा, पट्टा अडकवलेलाच असावा. रात्री पाण्यात पडलेला माणूस सापडणे किती कठीण असते हे समजण्यासाठी एखाद्या संध्याकाळी बंदराबाहेर एक नारळ पाण्यात टाकून तो परत उचलण्याचा सराव करावा. पट्ट्याच्या नियमाबाबत मी कुणालाही सूट देऊ नये असे म्हणेन, मग तो कितीही अनुभवी असो.

संपर्कासाठी व्हीएचएफ रेडिओ हवा. त्याची १६ क्रमांकाची वाहिनी कायम ऐकावी. ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाकडे संकटाचा संदेश पाठवणारा बीकन घ्यावा आणि त्याची रीतसर नोंदणी करावी. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे, हे परदेशातून बोट किंवा उपकरणे आणणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. मोबाइलवर किनाऱ्यापासून दहा-बारा मैलांनंतर विसंबू नये.

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर या किनाऱ्यावरची गस्त कडक झाली आहे. बोटीची नोंदणी, विमा आणि प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे, निघण्याची माहिती बंदर कार्यालयास द्यावी आणि गस्तीच्या नौकेने हाक दिल्यास वेग कमी करून स्पष्ट उत्तर द्यावे. याशिवाय किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाकडे मार्ग, माणसांची नावे, बोटीचा रंग व शिडाचा क्रमांक आणि पोहोचण्याची अपेक्षित वेळ लेखी द्यावी. त्या वेळेनंतर किती तासांनी तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करायचा, हेही त्याच कागदावर ठरवून लिहावे.

नोंदवही आणि हिशेब

ओहोटी सुरू होताना निघून प्राँग्ज उजेडात ओलांडावे, आणि अखेरची ओळखीची खूण स्पष्ट दिसत असतानाच नोंद सुरू करावी. वेळ, स्थान, होकायंत्रावरची दिशा, वेग, मागील तासात कापलेले अंतर, वारा, हवेचा दाब आणि जहाजे-जाळ्यांविषयीचा शेरा: दर तासाला एवढी ओळ भरावी. जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश त्यात लिहावेतच. पण त्याआधी आपल्या हिशेबाने स्थान काढून नकाशावर खूण करावी आणि मग दोहोंची तुलना करावी. हा क्रम उलटा केला तर हिशेब शिकला जात नाही.

हिशेब असा. बोट १७२ अंशांवर साडेचार नॉटने सहा तास गेली, तर पाण्यातून २७ मैल अंतर कापले गेले. परंतु हिवाळ्यात कोकणासमोरचा किनारी प्रवाह उत्तरेकडे वाहतो, म्हणजे गोव्याला जाणाऱ्याच्या विरुद्ध. तो ०.४ नॉट धरला, तर सहा तासांत बोट सुमारे अडीच मैल मागे ओढली जाते आणि प्रत्यक्ष प्रगती साडेचोवीस मैलांच्या आसपास उरते. खूण केलेल्या बिंदूभोवती कापलेल्या अंतराच्या एक दशांश त्रिज्येचे वर्तुळ काढावे. आपण त्या वर्तुळात कुठेतरी आहोत असे मानावे, आणि वर्तुळातील प्रत्येक जागा सुरक्षित आहे ना, हे तपासावे.

दिशेतील लहानशी चूकही किती वाढते, यासाठी एक सोपे प्रमाण आहे: साठ मैलांत एका अंशाची चूक एक मैलाची होते. या पट्ट्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक फार थोडा, एखाद्या अंशाच्या आसपास असतो. खरी फसगत बोटीवरच्या वस्तूंमुळे होते. होकायंत्राशेजारी ठेवलेला फोन, स्पीकर, पाना किंवा डब्यांची पेटी काटा अनेक अंशांनी वळवू शकते.

वेगमापक बिघडला तर नाळेपाशी एक लाकडी ढलपी पाण्यात टाकून ती मागच्या टोकापर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोजावे. बोटीची लांबी मीटरमध्ये घेऊन तिला त्या सेकंदांनी भागावे आणि १.९४ ने गुणावे. नऊ मीटरच्या बोटीला चार सेकंद लागले, तर वेग ४.४ नॉट. रात्री अक्षांशाची ढोबळ पडताळणी ध्रुवताऱ्याने होते, कारण त्याची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाएवढी असते: मुंबईसमोर सुमारे १९ अंश, आग्वादसमोर साडेपंधरा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. हिंदी महासागरातले जुने नाविक हेच माप ‘कमल’ नावाच्या फळीने आणि गाठी मारलेल्या दोरीने घेत असत.

प्रत्यक्ष प्रवासाआधी एक सराव आवर्जून करावा. सकाळी निघून पंधरा मैल बाहेर जावे, जीपीएस सोबत्याकडे द्यावे आणि केवळ होकायंत्र, घड्याळ व नोंदवही यांवर परत यावे. सोबत्याने बोट धोक्यात येईल तेव्हाच तोंड उघडावे.

रात्र, जहाजे आणि जाळी

दोनच माणसे असतील तर रात्री तीन-तीन तासांची पाळी ठेवावी. पहिल्या खेपेला तिसरा माणूस असलेला बरा. पाळीवरच्या माणसाने दर दहा मिनिटांनी उभे राहून चहूबाजूंनी, शिडाच्या आडच्या बाजूसही, पाहावे. सहा मैलांवर दिसलेले जहाज १५ नॉटने समोरून येत असेल आणि आपण पाच नॉटने जात असू, तर गाठ पडायला अठरा मिनिटे उरतात. जहाजाची दिशा होकायंत्रावर दर दोन-तीन मिनिटांनी मोजावी. ती बदलत नसेल आणि जहाज जवळ येत असेल, तर टक्कर होणार आहे असे धरावे. शिडाच्या बोटीला वाट देण्याचा नियम असला तरी मोठ्या जहाजावर तुमचा दिवा दिसला आहे असे गृहीत धरू नये. लवकर आणि ठळक वळावे. जहाजांची ओळख व स्थान रेडिओवरून आपोआप कळवणारे एआयएस यंत्र उपयोगी आहे, पण मच्छीमार होड्यांपैकी अनेकींवर ते नसते.

तरंगत्या जाळ्याच्या एका टोकाला होडी आणि दुसऱ्या टोकाला बहुधा लुकलुकणारा छोटा दिवा असतो. या दोन दिव्यांच्या मधून जाऊ नये. इंजिन चालू असेल तर बंद करावे, होडीवरच्या तांडेलाला टॉर्च दाखवावा किंवा रेडिओवर विचारावे, आणि तो सांगेल त्या बाजूने वळसा घालावा. जाळे हे त्यांचे पोट आहे. ते कापून निघून जाणे हा अपराध समजावा.

वारा वाढला तर

पाठीमागच्या वाऱ्यावर बोट वेगाने पळते आणि वारा किती वाढला हे लक्षात येत नाही. म्हणून शीड आखडण्याचा, म्हणजे घडी घालून लहान करण्याचा, विचार मनात आला की त्याच क्षणी आखडावे, आणि सूर्यास्ताआधी तर एक घडी घेऊनच ठेवावी. पाठवाऱ्यात मुख्य शीड अचानक दुसऱ्या बाजूला आपटले, तर बूम, म्हणजे त्या शिडाच्या तळाची आडवी दांडी, डोके फोडू शकते. बूम पुढच्या बाजूस दोरीने बांधून ठेवावी.

दमल्यावर, जेवायचे असताना किंवा दुरुस्ती करताना बोट ‘थोपवून’ ठेवण्याची युक्ती प्रत्येकाला यावी. मुख्य शीड आखडून बोट वाऱ्याकडे वळवावी, टॅक करावे (नाळ वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवावी) पण पुढच्या शिडाची दोरी सोडू नये, म्हणजे ते उलट बाजूने फुगते. मग सुकाणूची दांडी, वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूस बांधून टाकावी. बोट वाऱ्याच्या तिरक्या अंगाने जवळपास स्थिर उभी राहते आणि हळूहळू वाऱ्यासोबत सरकते. ती प्रत्यक्षात किती सरकते, हे त्या वेळीही नोंदवहीत लिहावेच.

जमिनीला परत

गोव्याचा किनारा पहाटे गाठण्याचा प्रयत्न करावा. अंधारात दीपगृहाच्या प्रकाशाची लय मोजून ते कोणते आहे हे नि:शंक ठरवता येते आणि उजाडल्यावर आत शिरता येते. लवकर पोहोचत असाल तर बाहेरच बोट थोपवून थांबावे. अखेरच्या टप्प्यात नेमके आग्वादवर नेम न धरता मुद्दाम चार-पाच मैल उत्तरेला धरावा. किनारा दिसला की उजवीकडे वळायचे हे आधीच ठरलेले राहते, आणि वायव्य वारा मदतीला असतो. नेम आग्वादवरच धरला आणि खूण सापडली नाही, तर डावीकडे जायचे की उजवीकडे हेच कळत नाही.

खोली मोजणाऱ्या यंत्राकडे या टप्प्यात सतत पाहावे. नकाशावरील २० मीटरची रेषा हिशेबापेक्षा बरीच लवकर आली, तर हिशेब चुकला आहे. तिथेच थांबून स्थान पुन्हा काढावे. मांडवीच्या मुखाशी वाळू साचते, म्हणून भरती चढत असताना, खुणेचे बोये पाहत आत जावे. लाटा मुखावर फुटत असतील तर मुरगावचे खोल बंदर गाठावे.

नांगर टाकल्यावर पहिला फोन किनाऱ्यावरच्या त्या जबाबदार माणसाला करावा, नाहीतर ठरलेल्या वेळी तो १५५४ फिरवील आणि विनाकारण शोध सुरू होईल. त्यानंतर, झोपण्याआधी, नोंदवही उघडून शेवटचे हिशेबाचे स्थान आणि प्रत्यक्ष स्थान यांतले अंतर व दिशा मोजावी. त्याला एकूण तासांनी भागल्यावर जो आकडा येईल, तो या प्रवासात लागलेला सरासरी प्रवाह समजून वहीत लिहावा, आणि परतीच्या मार्गाची आखणी त्याच आकड्याने सुरू करावी.